गाठीचं नाव कळेपर्यंत

पत्र: माझं वय 34. जालना जिल्ह्यात राहते, शाळेत शिकवते. नऊ आठवड्यांपूर्वी मानेच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. अधूनमधून संध्याकाळी अंग गरम होतं. वजन 58 वरून 54 किलोवर आलं. सुई टाकून तपासणी केली. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस, लिम्फोमा कॅनॉट बी रूल्ड आउट, बायोप्सी सुचवली जाते’ असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, टीबीच असणार, दोन महिने औषध घेऊन बघू. दुसरे म्हणतात, आधी पेट स्कॅन करा. सासूबाई म्हणतात, गाठीला हत्यार लावू नका, कॅन्सर असला तर पसरतो. यजमानांनी आठ दिवस मला रिपोर्ट दाखवलाच नव्हता. मी नुसती वाट बघत बसायचं का? काही करता येईल का?

उत्तर:

ताई, नमस्कार.

करता येईल, आणि बरंच करता येईल. तुमच्या हातात आज जो कागद आहे त्याचा सरळ अर्थ एवढाच, की सुईने जेवढं सांगता येतं तेवढं सांगून झालं आहे. तो रिपोर्ट टीबी आहे असं म्हणत नाही, कॅन्सर आहे असंही म्हणत नाही. लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर, नाहीच असं सांगता येत नाही, एवढंच म्हणतो. पुढे काय करायचं हे मात्र त्यातच लिहिलंय: बायोप्सी, म्हणजे गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासणं. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यांमध्ये नेमकी तीच पायरी गाळली जाते आहे. तुमचा सगळा जोर आता तिथे लागला पाहिजे.

सुईची तपासणी अपुरी का पडली ते आधी समजून घ्या, कारण घरात आणि दवाखान्यात तुम्हाला हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. या तपासणीत, म्हणजे एफएनएसीमध्ये, बारीक सुई, साधारण 22 ते 25 गेजची, गाठीत घालून काही पेशी ओढून घेतात आणि काचेवर पसरवतात. पेशी सुट्या दिसतात, त्यांची मूळची मांडणी दिसत नाही. घराच्या चार विटा हातात घेऊन घराचा नकाशा सांगता येत नाही, तसं. लिम्फोमाचं निदान बऱ्याच अंशी या मांडणीवर अवलंबून असतं. त्यातून होजकिन हा लिम्फोमाचा प्रकार असेल तर त्याच्या खऱ्या रोगट पेशी गाठीत फार थोड्या असतात, साधारण शंभरात एखादी, कधी त्याहूनही कमी. बाकी सगळी गर्दी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची. सुई त्या गर्दीतूनच पेशी घेऊन बाहेर आली की रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘ग्रॅन्युलोमॅटस’ येतो.

ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे छोटे पुंजके. आपल्याकडे ते दिसले की टीबी डोळ्यांपुढे येतो, आणि त्यात चूक नाही. मानेत बराच काळ टिकणाऱ्या गाठींचं आपल्या देशातलं नेहमीचं कारण टीबी हेच आहे. पण हेच पुंजके होजकिनमध्येही दिसतात, सारकॉइडोसिस नावाच्या आजारात दिसतात, कधी कधी जवळपास दुसरा कॅन्सर असेल तर त्या भागातल्या गाठीतही दिसतात. म्हणून रिपोर्टमध्ये नेक्रोसिस (पेशी मेलेला भाग) लिहिलंय का, ‘केसिएटिंग’ (तो भाग चीजसारखा भुसभुशीत) हा शब्द आहे का, एएफबी (टीबीचे जंतू रंगवून शोधणं) तपासून काय आलं, हे तिन्ही बघून ठेवा. केसिएटिंग नेक्रोसिस असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. एएफबी निगेटिव्ह आलं तरी टीबी बाद होत नाही, कारण गाठीच्या टीबीत जंतू मुळातच कमी असतात.

आता ‘दोन महिने औषध घेऊन बघू’ याबद्दल. टीबी सिद्ध झाल्यावर हेच औषध घ्यायचं असतं, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, आणि ते गुणकारी आहे. पण ‘घेऊन बघू’ ही निदानाची पद्धत म्हणून फसवी आहे. गाठीचा टीबी खरोखर असला तरी उपचार चालू असताना काही रुग्णांच्या गाठी आधी वाढतात, नव्याही येतात. उलट होजकिनच्या गाठी कधी कधी आपोआप थोड्या लहान होऊन पुन्हा वाढतात. म्हणजे दोन महिन्यांनी गाठ वाढली काय किंवा कमी झाली काय, खात्रीने काहीच कळत नाही. हातातले दोन महिने मात्र गेलेले असतात. लिम्फोमा उशिरा सापडलेल्या कितीतरी रुग्णांच्या फायलीत आधी एकेटीचे, म्हणजे टीबीच्या औषधांचे, महिने असतात. हे डॉक्टरांना दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण तुमच्या बाबतीत पॅथॉलॉजिस्टने लेखी शंका घेतली आहे, आणि लेखी शंका अंदाजावर सोडून द्यायची नसते. अशक्तपणा फार वाढलाय, बायोप्सीला अडचण आहे, अशी काही कारणं असतील तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. तसं असेल तर ते कारण त्यांनी तुम्हाला सांगायला हवं.

पेट स्कॅनचंही तसंच. त्यात दिलेलं ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध जिथे पेशी जोरात काम करतात तिथे साठतं. लिम्फोमाची गाठ उजळते, टीबीचीही उजळते. रिपोर्टमधल्या एसयूव्हीच्या, म्हणजे ते औषध किती साठलं त्याच्या, आकड्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही. लिम्फोमा सिद्ध झाला तर उपचार सुरू होण्याआधी पेट बहुधा लागेल, पुढच्या तुलनेसाठी तो पाया असतो. बायोप्सीआधी त्याचा उपयोग एकच: कुठली गाठ काढणं सोपं आणि फायद्याचं ते कळतं. तुमची गाठ मानेत, हाताला लागणारी आहे. तेव्हा पैसे हातात मोजके असतील तर आधी बायोप्सी, असं आमचं स्पष्ट मत आहे. छातीचा एक्स-रे मात्र बायोप्सीच्या आधीच काढा. तो स्वस्त आहे, लगेच होतो, आणि छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळणं फार गरजेचं असतं. झोपल्यावर दम लागत असेल तर हे आपणहून सांगा.

सासूबाईंची भीती अनेक घरांत आहे. लिम्फ नोडमधली अशी गाठ काढून तपासल्याने लिम्फोमा पसरत नाही, टीबीचाही कॅन्सर होत नाही. त्यांच्या बोलण्यामागे एक अनुभव असतो: अमक्याची गाठ काढली आणि सहा महिन्यांत तो गेला. त्या माणसाचा आजार गाठ काढण्याआधीच पुढे गेलेला असतो. त्यांना समोर बसवून, आवाज न चढवता, हे एकदा सांगा. यात एक अपवाद आहे तोही सांगतो. मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी यांची सवय असेल, तोंडात न भरणारी जखम असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर गाठ उघडण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तोंड आणि घसा दुर्बिणीने तपासून घ्यायचा. घशातून मानेत उतरलेल्या कॅन्सरमध्ये आधीच गाठ कापली तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. अशी सवय नसली तरी तोंड आणि घसा एकदा बघून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

बायोप्सी ठरली की बारकाईने लक्ष घालायचं ते तिच्या तयारीत. बहुतेक गोंधळ इथेच होतात आणि ते टाळता येतात.

सर्जनला पहिलं विचारा: ‘पूर्ण गाठ काढणार की तुकडा?’ लिम्फोमाची शंका असताना शक्य असेल तर एक अख्खी गाठ, तिच्या वेष्टनासकट, काढणं सगळ्यात चांगलं. ते शक्य नसेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी, 14 ते 18 गेजची, आणि एकाच नव्हे तर अनेक तुकड्यांची. बारीक सुई पुन्हा टाकायला नको. वरची, सहज मिळणारी बारकी गाठ नको, सगळ्यात मोठी आणि संशयास्पद गाठ हवी. मानेच्या मागच्या बाजूच्या गाठीजवळून खांद्याच्या स्नायूची नस जाते. ती दुखावली तर खांदा झुकतो, हात वर करता येत नाही. सर्जनला ही जोखीम माहीत असतेच, तरी ‘माझ्या गाठीजवळ ती नस आहे का’ एवढं विचारायला हरकत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा.

आता मुख्य मुद्दा. काढलेली गाठ कशात घालतात? आपल्याकडे सर्रास काय होतं, तर सगळी गाठ फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत जाते आणि बाटली लॅबकडे. पेशी बघायला ते ठीक. पण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग त्या तुकड्याचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही आणि सीबीनॅटचीही (टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) विश्वासार्हता राहत नाही. तुमच्या बाबतीत प्रश्नच टीबी की लिम्फोमा हा असल्यामुळे दोन्ही तपासण्या एकाच वेळी व्हायला हव्यात. म्हणून गाठीचा छोटा भाग निर्जंतुक डबीत, निर्जंतुक सलाईनमध्ये, थंड पेटीतून सीबीनॅट आणि कल्चरला. उरलेला मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये. ऑपरेशन झाल्यावर हे सांगून उपयोग नाही. आदल्या दिवशी सर्जनला आणि थिएटरच्या सिस्टरना सांगायचं, आणि दोन डब्या तयार आहेत का ते घरच्यांपैकी एकाने प्रत्यक्ष बघायचं. सीबीनॅट किंवा तशीच ट्रूनॅट तपासणी सरकारी टीबी केंद्रात मोफत होते. सकाळी नमुना पोचला तर निकाल बहुधा त्याच दिवशी. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागतात.

फॉर्मॅलिनची बाटलीही नीट हवी. रुंद तोंडाची, 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनची, आणि द्रव गाठीच्या निदान दहापट. गाठ मुरत जाते ती बाहेरून आत, तासाला जेमतेम मिलिमीटरभर. दोन सेंटिमीटरची गाठ न कापता टाकून दिली तर बाहेरून कडक आणि आतून सडलेली, अशी लॅबमध्ये पोचते. त्यामुळे गाठ आधी कापून टाकायला हवी किंवा लगेच लॅबमध्ये न्यायला हवी. जालन्याहून कुरिअरने नमुना जाणार असेल तर शनिवारी बायोप्सी करू नका. रविवारभर बाटली टेबलावर पडून राहते. सोमवार ते बुधवार उत्तम.

लॅबच्या फॉर्मवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘सर्व्हायकल नोड, एचपीई’, म्हणजे मानेतली गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. पॅथॉलॉजिस्टला यातून काय कळणार? वय, गाठ किती आठवडे आहे, ताप, किती महिन्यांत किती किलो वजन गेलं, एचआयव्ही तपासणीचा निकाल, आतापर्यंत घेतलेली औषधं, सुईच्या रिपोर्टमधली शंका आणि ‘टीबी की लिम्फोमा, कृपया आयएचसीचा विचार करावा’ हे वाक्य (आयएचसी म्हणजे काय ते पुढे येतं), एवढं हवं. डॉक्टरांना वेळ नसेल तर तुम्ही एका कागदावर हे लिहून द्या, ते फॉर्मला जोडतील. सुईच्या रिपोर्टची झेरॉक्सही जोडा.

औषधांबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉईड घ्यायचं नाही. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, गोळी असो की इंजेक्शन. लिम्फोमाची गाठ स्टेरॉईडने काही दिवसांत विरघळू शकते. सगळे म्हणतात ‘गुण आला’, आणि बायोप्सीत मग काहीच नीट दिसत नाही. दम कोंडतोय अशा तातडीच्या वेळी डॉक्टर देतील तर ती गोष्ट वेगळी. ‘ताकदीच्या’ नावाने मिळणाऱ्या, वेष्टन नसलेल्या पुड्या आणि गोळ्याही बंद ठेवा, त्यात कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. तसंच, अँटिबायोटिकच्या दोन कोर्समध्ये लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन असं काही होतं का ते जुन्या चिठ्ठ्यांवर बघा. ही औषधं टीबीच्या जंतूंवरही थोडी चालतात आणि टीबीच्या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. होतं असं निघालं तर घाबरू नका, फक्त फॉर्मवर लिहा.

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट साधारण तीन ते पाच दिवसांत येतो. त्यात लिम्फोमाची शंका कायम राहिली तर आयएचसी करतात, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखतात, त्याला आणखी तीन ते सात दिवस. होजकिनमध्ये सहसा सीडी30 आणि सीडी15 पॉझिटिव्ह, सीडी20 बहुधा निगेटिव्ह, पॅक्स5 फिकट, असं चित्र असतं. हे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा, की आयएचसीशिवाय ‘लिम्फोमा’ या शब्दावर केमो सुरू करायची नाही. लिम्फोमाचे कितीतरी प्रकार आहेत आणि औषधं प्रकारानुसार बदलतात.

रिपोर्टमधले शब्द वाचतानाही सावध. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे तसं वाटतं. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे बाकीच्या गोष्टींशी जुळतं. ‘इनअ‍ॅडिक्वेट’ म्हणजे नमुनाच पुरेसा नाही, तो निगेटिव्ह समजायचा नाही. ‘कोरिलेट क्लिनिकली’ लिहिलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना म्हणतो आहे, रुग्णाकडे बघून ठरवा. आणि ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ आलं पण गाठ, ताप, वजन जसंच्या तसं आहे, तर ते प्रकरण मिटलं असं धरू नका. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘या रिपोर्टमधून माझ्या तापाचा आणि वजनाचा खुलासा होतो का?’ होत नसेल तर पुन्हा बायोप्सी मागणं रास्त आहे.

दुसरं मत घ्यायचं असेल तर ते रुग्णापेक्षाही आधी गाठीचं घ्यायचं असतं. इथे थोडं थांबून समजून घ्या. लॅबमध्ये तुमची गाठ मेणात घालून ठेवतात. काडेपेटीहून लहान, पातळ प्लास्टिकची जाळीदार चौकट, वर पांढरं मेण आणि मेणात फिकट तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे तुमची गाठ. याला ब्लॉक म्हणतात. चौकटीच्या कडेला नंबर लिहिलेला असतो आणि तो रिपोर्टवरच्या नंबराशी जुळायलाच हवा. ब्लॉक ताब्यात घेताना काउंटरवरच तो जुळवा, किती ब्लॉक आणि किती काचा दिल्या ते पावतीवर लिहून घ्या. नंबर जुळत नसेल तर तिथून हलू नका. काचा कडक पेटीत, ब्लॉक वेगळ्या झिप पिशवीत, आणि पिशवी हातातल्या पर्समध्ये. मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलं तर मेण मऊ होतं आणि नमुना खराब होतो. आणखी एक: आयएचसीच्या प्रत्येक फेरीला ब्लॉकचे काप घेतले जातात. कोअर बायोप्सीचा तुकडा छोटा असला तर दोन-तीन लॅबमध्ये फिरेपर्यंत तो संपतो. म्हणून लहान लॅबमध्ये अर्धवट आयएचसी आणि मग मोठ्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून, असं करू नका. शंका आहे असं कळताच ब्लॉक थेट कॅन्सरच्या मोठ्या पॅथॉलॉजी विभागात न्या.

तुम्हाला जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, 1941 पासून चालू असलेलं, बाहेरचे ब्लॉक आणि काचा तपासून मत देतं. टाटाच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नसते. नातेवाईक लगेच ‘मुंबईलाच चला’ म्हणतात, त्यांच्या मायेपोटी. पण ब्लॉक नसताना मुंबईला गेलात तर पहिला दिवस रांगेत जातो आणि उत्तर मिळतं, ‘ब्लॉक आणा’. आधी ब्लॉक, मग प्रवास.

खर्चाचं बोलायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आणि रेशन कार्ड, आधार बरोबर ठेवा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना बायोप्सीच्या आधी भेटा आणि कुठल्या तपासण्या योजनेत बसतात ते विचारा. निदान पक्कं होईपर्यंतचा बराच खर्च अनेकांना खिशातून करावा लागतो, म्हणून पेटसारखा मोठा खर्च घाईने करू नका. सगळी मूळ बिलं आणि चिठ्ठ्या एका पाकिटात राहू द्या, खात्याकडून प्रतिपूर्ती मागायची झाली तर झेरॉक्स चालत नाहीत.

आता रिपोर्ट लपवण्याबद्दल. यजमानांनी ते तुमच्या काळजीने केलं असणार. पण त्याचा परिणाम असा होतो, की दवाखान्यात प्रश्न विचारायला कोणीच उरत नाही: ज्याला माहीत आहे त्याला लक्षणं सांगता येत नाहीत, आणि जिला लक्षणं आहेत तिला माहीत नाही. संध्याकाळी किती वाजता ताप येतो, रात्री घामाने कपडे बदलावे लागतात का, हे तुम्हीच सांगू शकता. त्यांना एवढंच म्हणा, ‘मला न सांगता कुणाशी काही ठरवू नका. भीती वाटली तर दोघांना मिळून वाटेल.’ डॉक्टरांनाही पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका, ‘मला सगळं स्पष्ट कळलेलं आवडेल’, नाही तर सवयीने ते नातेवाइकांकडे बघून बोलतात. कायदाही तुमच्या बाजूने आहे. सज्ञान, शुद्धीत असलेल्या रुग्णाच्या संमतीची जागा नातेवाइकांची संमती घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात सांगितलं आहे. मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं 72 तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत आहे. हे नियम भांडायला वापरू नका. ‘सर, अर्ज लिहून आणलाय, पोच द्याल का?’ एवढ्याने बहुतेक ठिकाणी काम होतं.

दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली की रुग्णाचे दोन दगडांवर पाय होतात. तेव्हा कोणाचं खरं हे विचारण्यापेक्षा दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘कुठल्या तपासणीत काय आलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल?’ दोघांची उत्तरं बहुधा बायोप्सीवरच येऊन थांबतील. आणि एका डॉक्टरला मुख्य ठरवा, ज्यांच्याकडे सगळे रिपोर्ट जातील. चार जण आपापलं बघतात आणि अख्खं चित्र कोणीच बघत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे.

भेटीला जाताना एक फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहिलेला. वर तारखा: गाठ कधी लागली, कुठला अँटिबायोटिक कधीपासून कधीपर्यंत, सुई कधी, रिपोर्ट काय. मध्ये लक्षणं. खाली तीनच प्रश्न. दहा प्रश्न नेले तर पहिल्या चारांतच वेळ संपतो आणि महत्त्वाचा राहून जातो. निघण्याआधी जे समजलं ते तुमच्या शब्दांत डॉक्टरांना म्हणून दाखवा. चुकीचं समजलं असेल तर तिथेच कळतं. बरोबर एक माणूस असा न्या जो बोलणार नाही, लिहून घेईल.

घरी वही ठेवा. ताप सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, त्याच थर्मामीटरने. 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला की आकड्याभोवती गोल. ‘कणकण वाटली’ हे लिहू नका, आकडा लिहा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उठल्यावर. तुमचे चार किलो म्हणजे सुमारे 7 टक्के झाले. सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त, म्हणजे तुमच्या बाबतीत 52 किलोच्या आसपास किंवा खाली गेलं, तर डॉक्टर त्याला वेगळं महत्त्व देतात. गाठ दर रविवारी पट्टीने मोजा, लांबी आणि रुंदी, पण रोज चाचपत बसू नका. दाबून दाबून ती सुजते आणि मग वाढल्यासारखी वाटते. आरशासमोर, केस बांधून, पट्टी शेजारी धरून एक फोटो काढला की पुरे.

काही गोष्टींसाठी थांबायचं नाही: श्वास घेताना आवाज येणं, झोपल्यावर दम कोंडणं, चेहरा आणि मान सुजून छातीवरच्या शिरा फुगणं, 102 च्या वर ताप आणि थंडी, गिळणं बंद होणं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. फाईल बरोबर.

मूल हवं असेल किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर एक्स-रे, पेट आणि औषधं या तिन्हींच्या आधी सांगा. केमो ठरलीच तर ती सुरू होण्याआधी प्रजननक्षमता जपण्याबद्दल विचारायचं असतं, नंतर तो रस्ता अवघड होतो.

रात्री झोप येत नसेल आणि मोबाइलवर ‘लिम्फोमा’ शोधत बसत असाल, तर त्या एका तासात काय शोधता याला वळण द्या. ‘मी जगेन का’ याचं उत्तर तुमच्या गाठीचं नाव कळल्याशिवाय कोणाकडेच नाही, इंटरनेटवर तर नाहीच. एवढं मात्र खात्रीने सांगता येतं: गाठीचा टीबी पूर्ण औषधाने बरा होतो, आणि होजकिन लिम्फोमा हा सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. दोन्हींत बरं होण्याची वाट आहे, पण औषधं पूर्ण वेगळी आहेत. म्हणून नाव अचूक हवं.

या आठवड्यात करायचं ते असं. उद्या सुईच्या काचा लॅबमधून मागून घ्या आणि छातीचा एक्स-रे, रक्ताची सीबीसी, ईएसआर, एलडीएच, एचआयव्ही, साखर एवढं करून टाका. परवा सर्जनची वेळ घ्या आणि जाताना दोन डब्यांची गोष्ट लिहून न्या. टीबीच्या औषधाची चिठ्ठी हातात असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा, ‘बायोप्सीचा निकाल येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबलं तर चालेल का?’ ते बहुधा हो म्हणतील. औषध आधीच सुरू झालं असेल तर मनाने बंद करू नका, त्यांना आणि सर्जनला दोघांनाही सांगा. बायोप्सी तरीही होऊ शकते, ती लवकर उरकायची एवढंच.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की ‘इम्प्रेशन’ची ओळ आणि तिच्याखालची ‘कॉमेंट’, दोन्ही जसंच्या तसं उतरवून आम्हाला पाठवा. खालची ओळ अनेक जण वाचतच नाहीत, आणि पॅथॉलॉजिस्टने मनातली शंका बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते.